बेबीनंदाच्या तोंडचे शब्द

बेबीनंदा रागीट आहे असं वाटूर फाट्यावर आता कुणीही सांगेल. दोन वर्षांपूर्वी हेच लोक तिला हसरी म्हणायचे. परतूरकडे वळणाऱ्या रस्त्याला लागून तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि त्याला खेटून माझं झेरॉक्सचं. मधे नुसता पत्रा. तिकडचं बोलणं कान न लावताही मला ऐकू येतं. तेव्हा त्या पत्र्यातून हसणं यायचं. माप द्यायला आलेल्या बायकांना ती त्यांच्याच सासूची नक्कल करून दाखवायची. एस.टी.तला कंडक्टर, बँकेत पाणी पाजणारा शिपाई, लग्नात रुसून बसलेली आत्या, सगळे त्या पत्र्याच्या खोलीत यायचे. बायका अर्धवट माप देऊन पोट धरून बसायच्या. एकदा तर रूपाली नावाची माझ्याच गल्लीतली सून हसता हसता मशीनच्या पायडलवर पडली होती.

नकला हा तिचा विरंगुळा नव्हता. तिला नटी व्हायचं होतं.

तिचं माहेर अंबड तालुक्यातलं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी गावकीची कामं सोडली. गाव झाडणं सोडलं, दारोदार भाकर मागणं सोडलं. त्यापायी त्यांनी जे सोसलं ते घरात परत परत सांगितलं जायचं. बेबीनंदाची माय जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात सरकी लावायला आणि कापूस वेचायला गेली, पण दुसऱ्याच्या दारचा झाडू तिनं हातात धरला नाही. पाटलाच्या घरी पाहुणे आले म्हणून कुणी बोलावलं तर ती म्हणायची, वावरातलं काम सांगा, आंगणातलं सांगू नका. हे ऐकत बेबीनंदा मोठी झाली. जयंतीच्या नाटकात तिला दरवर्षी काम मिळायचं, आणि दरवर्षी लोक तिच्यासाठी थांबायचे.

एकोणिसाव्या वर्षी भावाला घेऊन ती औरंगाबादला गेली होती. नाटकाच्या शिक्षणासाठी निवड होती म्हणून. टेबलामागं बसलेल्या तिघांनी तिला एक उतारा बोलायला दिला. तिनं तो पाठ करून म्हटला, पण नंतर त्यांनी काहीतरी विचारलं आणि तिच्या तोंडातून ‘न्हाई’ निघालं. तिघंही हसले. त्यातला एकजण फार प्रेमानं म्हणाला, बाई, आधी मराठी शिका, मग या. ती परत आली आणि वर्षभरात तिचं लग्न झालं. नवरा नागसेन जालन्याला सळई बनवायच्या कारखान्यात कामाला. सुट्टीला घरी येतो. एक मुलगी, प्रिया, आता परतूरला कॉलेजात. आणि घरात नागसेनची थोरली बहीण कांताबाई. कांताबाईचे कान लहानपणीच तापात गेले. बोलता येतं, पण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळं तिचं बोलणं एका सुरात, चढ ना उतार. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून ओळखते. तिच्याशी बोलताना बेबीनंदा कधी तोंड फिरवत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी फाट्यावरच्या मोबाईलच्या दुकानातला कल्याण सोमेश्वरला घेऊन तिच्याकडे आला. सोमेश्वर मूळचा केदारखेड्याचा, भरपूर जमिनीचा, पण राहायला जालन्यात. लग्नाचे व्हिडिओ करायचा, बियाणांच्या जाहिराती करायचा. वय सत्तावीस-अठ्ठावीस. बोलायला गोड. त्याला एक मूकपट करायचा होता. शंभर वर्षांपूर्वी व्हायचे तसा, काळा-पांढरा, भरभर चालणारी माणसं, आवाज नाही, मधे मधे अक्षरांच्या पाट्या. गोष्ट अशी, की ठकूबाई नावाच्या खेड्यातल्या बाईला हिरोईन व्हायचं असतं. ती सिनेमाच्या कंपनीत घुसते, सगळा गोंधळ घालते, तिला हाकलून देतात, पण कॅमेऱ्यात चुकून तिचं काम टिपलं जातं आणि शेवटी तीच हिरोईन होते. कल्याणनं मोबाईलवर बेबीनंदाच्या नकला चोरून घेतल्या होत्या. त्या बघून सोमेश्वर आला होता.

बेबीनंदानं आधीच सांगून टाकलं, की माझी भाषा अशी आहे. सोमेश्वर हसला. म्हणाला, “ताई, हितं भाषेची अडचणच न्हाई. आवाजच न्हाई ना पिक्चरला. तुमचा चेहरा बास झाला.”

त्या संध्याकाळी तिनं आम्हा सगळ्यांना चहा पाजला. नागसेनला फोनवर सांगताना तिचा आवाज इतका मोठा झाला की पलीकडच्या वडापाववाल्यालाही सगळं कळलं.

शूटिंग केदारखेड्याला सोमेश्वरच्या घरच्या गोदामात झालं. कांताबाईला घरी सोडून बेबीनंदा सकाळच्या गाडीनं निघायची. मी एकदा गेलो होतो, पाट्यांच्या कागदाचं काम माझ्याकडे येईल म्हणून. ते काही आलं नाही, पण तिचं काम बघायला मिळालं. कंपनीच्या सिनेमातला राजाचा दरबार भरलेला असतो आणि ठकूबाई डबा घेऊन सरळ आत येते. तिला राजा खरा वाटतो. ती त्याला मुजरा करायला वाकते आणि राजाची दाढी डब्याच्या झाकणात अडकते. ती ओढते, राजा ओढला जातो, सिंहासन कलंडतं. हे कुणी लिहिलेलं नव्हतं. दाढी झाकणात अडकवायचं तिनंच काढलं, आणि पडताना डावा पाय वर कसा जाईल तेही तिनंच ठरवलं. सगळं गोदाम हसलं. ती उठली, पदर झटकला, म्हणाली, अजून एकदा घेऊ, मघाशी मी आधीच हसले. तिला हसवण्याची लाज कधीच नव्हती. पडायचं, आपटायचं, तोंडाला पीठ फासायचं, ते सगळं ती आनंदानं करायची.

एक दृश्य असं होतं, की सिनेमातला साहेब ठकूबाईची परीक्षा घेतो. साहेब कल्याण झाला होता, खोट्या मिशा लावून. तो तिला इशाऱ्यानं सांगतो, दात दाखव, फिरून दाखव, चालून दाखव. कॅमेरा तिच्या तोंडाजवळ होता. सोमेश्वर मागून ओरडला, ताई, काहीबी बोला, आवाज लागणार न्हाई, ओठ हालले पाह्यजेत.

आणि ती बोलली. जे पोटात होतं ते बोलली. खोट्या मिशांच्या कल्याणला समोर धरून ती वीस वर्षांपूर्वीच्या त्या टेबलामागच्या माणसांना बोलली. कल्याणनं नंतर मला सांगितलं, की शब्द काही त्याच्या ध्यानात राहिले नाहीत, पण त्याला भीती वाटली आणि तो आपलं हसणंच विसरला. सोमेश्वर कॅमेऱ्याजवळ असल्या आनंदात होता की ती काय बोलतेय ते त्यानं ऐकलंच नाही. म्हणाला, एक नंबर, ताई, एक नंबर, काय एक्सप्रेशन.

त्याच दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, त्यानं तिला भांड्यांच्या ढिगाजवळ बसवलं. असंच एक गमतीचं घेऊन ठेवू, म्हणाला. तिनं राखेनं पातेलं घासलं, मधेच पातेल्यात आपला चेहरा आरशासारखा बघितला, केस नीट केले. हे पण तिनंच सुचवलं होतं.

पिक्चर पूर्ण झाल्यावर जालन्यात एका छोट्या हॉलमध्ये पहिला खेळ ठेवला. बेबीनंदानं स्वतः पैठणीचा काठ शिवून लावलेली जांभळी साडी नेसली. नागसेन सुट्टी काढून आला. प्रिया होती. मीही गेलो. हॉल भरलेला. डॉक्टर, वकील, कॉलेजचे प्राध्यापक, सोमेश्वरचे नातेवाईक.

दाढीच्या दृश्याला लोक हसले तेव्हा तिनं प्रियाचा हात धरला. मग ते परीक्षेचं दृश्य आलं. पडदाभर तिचा चेहरा. डोळे भरलेले, ओठ भरभर हलतायत. आणि पाटी आली:

‘सायेब, म्या हिरवीन व्हनार! झाडू बी मारीन, भांडी बी घासीन, पर मला फिलिमात घ्या!’

हॉलमध्ये हशा फुटला. टाळ्या पडल्या. पुन्हा तिचा चेहरा, पुन्हा पाटी: ‘मला इंग्रजी बी येतंय सायेब. यस, नो, चाय!’ पुन्हा हशा. तिचे तेच डोळे, तेच हलणारे ओठ, आणि त्यांच्यामागून दुसऱ्याच कुणाचे तरी शब्द. ती रडवेली होऊन बोलत होती म्हणूनच ते जास्त हसू आणत होतं. इतक्या मनापासून ही बाई झाडू मागतेय, असं वाटत होतं.

शेवट तर वेगळाच निघाला. ठकूबाई हिरोईन होतच नाही. तिला कंपनीत भांडी घासायला ठेवून घेतात. शेवटचं दृश्य म्हणजे ते पातेलं. ती त्यात चेहरा बघते, केस नीट करते, आणि पाटी येते: ‘झाली बाई हिरवीन!’

दिवे लागल्यावर सोमेश्वरला स्टेजवर बोलावलं. तो हात जोडून म्हणाला की ग्रामीण स्त्रीच्या मौनाला आवाज द्यायचा हा माझा छोटासा प्रयत्न. त्यानं बेबीनंदाला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, खरीच कामवाली आणली वाटतं. ती तशीच उभी. तिनं नमस्कार केला नाही, हसली नाही. 

परतीच्या गाडीत नागसेन तिच्यावरच घसरला. म्हणाला, “झाडू मारायला गेल्ती का तिथं? तुझ्या आज्यानं कशापायी सोडलं ते सारं?” ती खिडकीला बसली होती.  प्रियाच बापाला म्हणाली, की मम्मी ते बोललीच नाही, तुम्हाला दिसत नाही का. 

तिथंच संपलं असतं तर बरं. सोमेश्वरनं त्यातला तो तुकडा मोबाईलवर टाकला. हलणारे ओठ आणि झाडूची पाटी. आठवड्यात तो सगळीकडं झाला. लोक त्याचं स्टिकर करून लग्नाच्या ग्रुपवर पाठवायला लागले. ऑफिसात कुणाच्या गळ्यात जास्तीचं काम पडलं की बेबीनंदाचा चेहरा. नवऱ्याला बायकोची मस्करी करायची असली की बेबीनंदाचा चेहरा. फाट्यावरची पोरं तिच्या दुकानावरून जाताना म्हणायची, झाडू बी मारीन. गिऱ्हाईक बायका प्रेमानंच म्हणायच्या, काय हिरवीनबाई, झाला का ब्लाउज? प्रियाच्या कॉलेजात एका पोरानं सगळ्यांसमोर तिला झाडू आणून दिला. तिनं तो त्याच्या तोंडावर मारला आणि घरी निघून आली. प्राचार्यांनी दोघांनाही समज दिली. दोघांना, हे बेबीनंदाला फार लागलं.

पत्र्यापलीकडचं हसणं बंद झालं. मशीन मात्र पूर्वीपेक्षा जोरात चालायला लागली.

मग ती जालन्याला सोमेश्वरच्या ऑफिसात गेली. तिच्या सोबतीला मी गेलो होतो, कारण नागसेनला सुट्टी नव्हती आणि तिला एकटीला जायचं नव्हतं. तिनं शांतपणे सांगितलं की पाट्या बदला आणि शेवट तुम्ही सांगितला होता तो करा. सोमेश्वरनं चहा मागवला. म्हणाला की पिक्चर पुण्याच्या स्पर्धेला गेलाय, आता बिलकुल हात लावता येत नाही. म्हणाला की ही कॉमेडी आहे, ताई, मनाला लावून घेऊ नका, लोकांना तुम्ही किती आवडल्या ते बघा.

“लोकांना मी न्हाई आवडले,” ती म्हणाली. “लोकांना झाडू आवडला. मी पडले तवा लोक हासले, ते मी हासवलं. ती पाटी बघून हासले, ते तुम्ही माझं हासू केलं. बराबर बोलून राह्यले का मी?”

त्यानं जातीचा विचारही मनात नव्हता असं तीन-तीनदा सांगितलं. मी तसला माणूसच नाही, म्हणाला. आमच्या घरी तुमच्यातले लोक येतात, जेवतात. तिनं कप खाली ठेवला. चहाला ती त्यानंतर शिवली नाही.

“आमी ‘म्या हिरवीन व्हनार’ असं कधी म्हनतो हो? असं कोन बोलतं आमच्याकडं? तुमच्या केदारखेड्यात तरी बोलतं का कोनी?”

मग त्याचा धीर सुटला. तो म्हणाला, “मंग तुम्ही काय बोलल्या होत्या ते सांगा ना. आवाज रेकॉर्डच न्हाई. कोणालाच माहीत न्हाई. तुम्हाला तरी आठवतं का?”

ती बोलायला गेली आणि थांबली. तिला आठवेना. आपण रागानं काहीतरी बोललो, मायचं काहीतरी आलं, मराठीचं काहीतरी आलं, एवढंच. नेमके शब्द गेले होते. सोमेश्वरनं हात पसरले, बघा, असं.

परत येताना गाडीत ती मला म्हणाली, तो खोटं बोलला असता तर मी त्याला मारलं असतं. पण त्यानं खरं विचारलं.

हे असं चालू असताना एक दिवस कांताबाई दुकानात येऊन बसली होती. कांताबाईला वाचता येत नाही. घरात सगळेच रागात आहेत हे तिला कळत होतं, पण तिला तो व्हिडिओ कुणी दाखवला नव्हता. तिला वाईट वाटेल म्हणून. त्या दिवशी मापाला आलेल्या एका पोरीच्या मोबाईलवर तो लागला आणि कांताबाईनं पाहिला. पोरगी हसत होती. कांताबाई हसली नाही. तिनं मोबाईल हातात घेतला आणि पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा. आणि मग तिच्या त्या एकसुरी आवाजात ती बोलायला लागली. मी पत्र्याच्या अलीकडून ऐकलं आणि हातातला कागद तसाच ठेवून उठलो.

कांताबाई म्हणत होती: “दात काय पाहतो. बैल घ्यायला आला का. मी दावनीचं जनावर न्हाई.”

बेबीनंदानं मशीन थांबवली.

कांताबाईनं वर पाहिलं. म्हणाली, “बेबी, हे तू बराबर बोलली. पन ही पोरगी हासते कशापायी?”

तिला त्या पाट्या म्हणजे नुसती पांढरी अक्षरं. त्या आल्या की ती नुसती थांबायची, पुन्हा चेहरा येईपर्यंत. जालन्यातल्या त्या भरलेल्या हॉलमध्ये जो पिक्चर कुणीही पाहिला नव्हता तो तिनं एका पोरीच्या मोबाईलवर पाहिला. बेबीनंदा खाली बसली आणि नणंदेच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. जालन्याच्या खेळानंतर ती रडली ती तेव्हाच. मग उठली, त्या पोरीला ब्लाउज उद्या ने म्हणून जल्दी वाटेला लावलं आणि शटर अर्धं ओढलं.

पुढचे कितीतरी दिवस दुपारच्या वेळी पत्र्यापलीकडून दोन आवाज यायचे. आधी कांताबाईचा सपाट आवाज, मग त्याच्यामागून बेबीनंदाचा. प्रियानं कल्याणकडून अख्खं दृश्य मिळवलं होतं, मधल्या पाट्या नसलेलं, कच्चं. कल्याणनं ते मुकाट्यानं दिलं. काही ठिकाणी बेबीनंदाची मान वळलेली होती, तिथं कांताबाईला ओठ दिसत नव्हते. तेवढे शब्द गेले ते गेलेच. तिथं नवे घालू नको, असं बेबीनंदानं प्रियाला बजावलं. जे बोलले तेवढंच बोलायचं.

तेवढ्यात वाटूरला महिला मेळावा ठरला. बाजाराच्या मैदानावर पडदा लावून ‘आपल्या भूमीतला मूकपट’ दाखवायचा, सोमेश्वरचा सत्कार करायचा, आणि बेबीनंदाचाही, साडी-नारळ देऊन. पुढारी अण्णासाहेब स्वतः तिच्या दुकानात सांगायला आले. ती येते म्हणाली. अण्णासाहेबांना बरं वाटलं. बाईचा राग गेला, असं ते मला जाताना म्हणाले.

मैदान भरलं होतं. पुढं बायका सतरंज्यांवर, मागं पुरुष मोटारसायकलींवर टेकून. कांताबाई पहिल्याच रांगेत. पिक्चरच्या आधी दोन शब्द बोलू द्या, अशी बेबीनंदानं विनंती केली. अण्णासाहेब म्हणाले, आधी पिक्चर, मंग सत्कार, मंग बोला. ती स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसली.

दाढीच्या दृश्याला मैदान खदखदलं. तीही थोडी हसली, मला दिसलं. मग साहेबाची परीक्षा सुरू झाली. तिचा चेहरा पडद्यावर आला आणि ती उठली. टेबलावरचा माईक उचलला आणि पडद्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून उभी राहिली. पडद्यावरचे ओठ हलले आणि तिचा आवाज आला.

“दात काय पाहतो? बैल घ्यायला आला का? मी दावनीचं जनावर न्हाई. मी वाटूरची हाये. माझ्या मायनं लोकाच्या वावरात सरकी लावून मला शिकवलं, आन् तुम्ही म्हनता आधी मराठी शिक.”

पाटी आली. सवयीनं लोक हसले. झाडू बी मारीन, असं मागून कुणीतरी मोठ्यानं वाचलंही. ती थांबली, पाटी जाऊ दिली, आणि पुन्हा चेहरा येताच बोलायला लागली.

“ज्या भाषेत मायनं मला निजवलं ती मराठी न्हाई तर काय हाये? हासू नका.”

इथं माईक बंद झाला. अण्णासाहेबांनी आवाजवाल्याला हात केला होता, तो मी पाहिला. तिनं बंद माईक खाली ठेवला आणि तशीच बोलत राहिली. पुढच्या बायकांना ऐकू जात होतं, मागं काही नाही. मागं शिट्ट्या सुरू झाल्या. दृश्य संपलं आणि राजाचा दरबार पुन्हा सुरू झाला. तिचं अर्धं बोलणं गोंगाटात गेलं होतं.

तेव्हा नागसेन मागून पुढं आला. तो येणार आहे हे तिलाही माहीत नव्हतं. कारखान्यातून सरळ आला होता, सदऱ्यावर लोखंडाची भुकटी तशीच. तो सोमेश्वरच्या लॅपटॉपपाशी जाऊन उभा राहिला.

“परत लाव,” तो म्हणाला. “तेवढंच. आन् माईक चालू कर.”

सोमेश्वर अण्णासाहेबांकडे बघायला लागला. नागसेननं हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. नुसता उभा राहिला. पुढच्या सतरंजीवरून रूपाली म्हणाली, लावा की, आम्हाला ऐकायचंय. मग दुसरी म्हणाली. कांताबाईला काय चाललंय ते नीट कळत नव्हतं, पण ती पडद्याकडे बोट दाखवून तिच्या सपाट आवाजात म्हणाली, बेबी बोलते, बोलू द्या.

सोमेश्वरनं ते दृश्य परत लावलं आणि आवाजवाल्यानं माईक चालू केला.

या वेळी लोक तिच्या ओठांकडे बघत होते. पडद्यावरचे ओठ आणि खाली उभी असलेली बाई. पाटी आली तेव्हा कुणी वाचली नाही. ती शेवटापर्यंत आली. “मी बोलून राह्यले, पुरं ऐका. मंग न्हाई म्हना.” दृश्य संपलं. तिनं माईकवर आणखी एकच गोष्ट सांगितली.

“हे मी बोलले होते. ते लिहिलेलं माझं न्हाई. ज्यानं लिहिलं त्यानं त्याच्या तोंडानं बोलावं, माझ्या तोंडात घालू नये.”

टाळ्या फारशा पडल्या नाहीत. पुरुषांपैकी बरेच जण चांगल्या कार्यक्रमाचा विचका केला म्हणत गाड्या चालू करायला लागले. अण्णासाहेबांनी घाईघाईनं सोमेश्वरच्या खांद्यावर शाल टाकली. तिची साडी आणि नारळ टेबलावर राहिले. ती कांताबाईचा हात धरून नागसेन आणि प्रियाबरोबर घरी गेली.

लोकांनी घेतलेले तिचे व्हिडिओ थोडेफार फिरले. झाडूच्या तुकड्याइतके अर्थातच नाही. राग असा हसण्याइतका वेगानं पसरत नाही. पण पुण्यातल्या कुणीतरी त्यावर लिहिलं, चर्चा झाली, आणि मग सोमेश्वरचा फोन आला. मी तेव्हा तिच्याच दुकानात होतो. त्यानं माफी मागितली, म्हणजे तुम्हाला वाईट वाटलं असेल तर, अशी. मग म्हणाला की त्याच्या डोक्यात नवीन कल्पना आहे. या सगळ्यावरच पिक्चर करू. गावातली बाई चिडते, माईक हिसकावते. या वेळी आवाजासकट. तुमचीच भाषा ठेवू, ताई. जबरदस्त होईल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पयल्या पिक्चरच्या पाट्या काढल्या का?”

ते आता शक्य नाही, म्हणाला, स्पर्धेत बक्षीस लागलंय, नियम असतात.

“मंग तुमची फिल्म तुमच्यापाशी ठेवा. माझ्या रागाचा तमाशा करायला मी देनार न्हाई.” आणि तिनं फोन ठेवला.

मी म्हणालो, विचार करायचा होता, एवढी संधी आली होती. खरं तर मला ते म्हणायचं नव्हतं, सवयीनं बोलून गेलो. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी माझ्या दुकानात येऊन बसलो.

त्या पिक्चरमध्ये अजूनही त्याच पाट्या आहेत. तो मोबाईलवर कुणालाही बघता येतो आणि लोक बघतात, हसतात. प्रियानं त्याच्याखाली आईचे खरे शब्द लिहिले, पाटी येते त्या त्या वेळेसकट. कुणीतरी ते काढून टाकले. तिनं पुन्हा लिहिले. पुन्हा काढले. आता ती परतूरच्या गाडीत बसली की तेवढं काम करते. आहे का बघते, नसलं तर लिहिते. बेबीनंदाला कुणी म्हटलं की झालं ते झालं, आता राग सोड, तर ती मान वर करत नाही. दाताखाली दोरा तोडते आणि विचारते, त्यांनी काय सोडलं?